एकवीस हातांचा नळ

शिरूरच्या उन्हाळ्याला कुणी नावं ठेवलेली येशुदास उजागरे मास्तरांना खपत नसत. मास्तर भूगोल शिकवायचे. सहारा वाळवंटाच्या मानानं आपल्याकडे ऊन म्हणावं असं काही पडतच नाही, असं ते मुलांना दरवर्षी सांगायचे, आणि मुलं डोक्यावर ओले रुमाल ठेवून ते वहीत लिहून घ्यायची. पण एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी अडीच वाजता दौंडच्या एलिझाबेथबाई मास्तरांच्या नळाखाली हात धुवायला बसल्या, आणि मास्तरांचं सहाऱ्याबद्दलचं मत जागच्या जागी बदललं.

गोष्ट साठ-बासष्ट सालची. त्या वर्षी आळीत पहिला घरगुती नळ आला तो मास्तरांकडे. नळ येणार म्हणून मास्तर महिनाभर चालताना किंचित मागे झुकून चालत होते. रस्त्यापासून मोरीपर्यंत एकवीस हात अंतर. चर खणायला घेतला तर वीतभर खाली काळा पाषाण लागला. तीन पहारी वाकल्यावर माणसं म्हणाली, "मास्तर, वरूनच न्यावा लागंल." मग तो लोखंडी नळ अंगणातून उघड्यावरच मोरीपर्यंत गेला. फेब्रुवारीत ठीक होतं. मार्चमध्ये पाणी कोमट झालं, तेव्हा दयाबाई म्हणाल्या, "बरंय, अंघोळीचं सरपण वाचलं." एप्रिलमध्ये मात्र नळाची धार आली करंगळीएवढी. पाणी त्या तापल्या लोखंडातून रांगत रांगत यायचं आणि रांगता रांगता उकळायचं.

एलिझाबेथबाई रेल्वेच्या दवाखान्यात वीस वर्षं परिचारिका होत्या. त्यांचा मुलगा दौंड स्टेशनात तारमास्तर. त्याच्यासाठी त्या मास्तरांच्या दबोराला बघायला आल्या होत्या. स्थळ आणलं होतं दयाबाईंच्या धाकट्या भावानं, हेन्रीनं. हेन्री दौंडच्या लोको शेडमध्ये बॉयलरचा फिटर होता आणि एलिझाबेथबाईंच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचा. जेवणं झाली. दयाबाईंनी हात धुवायला माठातलं पाणी तांब्यात काढून ठेवलं होतं. ते तसंच वापरलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण मास्तर म्हणाले, "तांब्या कशाला? घरात नळ आहे." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं तोटी सोडली.

एलिझाबेथबाई ओरडल्या नाहीत. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जखमा बांधलेली बाई ती. त्यांनी दोन्ही हात वर धरले, बोटं उलटीसुलटी करून तपासली आणि शांतपणे म्हणाल्या, "दयाबाई, घरात लोणी असेल तर ते राहू द्या. नुसतं गार पाणी द्या."

निघताना पायरीवर उभ्या राहून त्यांनी निकाल सांगितला. "मुलगी मला पसंत आहे. पण मास्तर, पाहुण्याच्या हातावर काय पडतंय हे ज्या घरात आधी कुणी बघत नाही, त्या घराशी सोयरीक करताना विचार करावा लागतो. मेच्या चौथ्या रविवारी मी परत येईन. तेव्हा काय ते ठरवू."

हेन्री मागे रेंगाळला. "दाजी," तो म्हणाला, "म्होरच्या बारीला नळात नुसती चहापत्ती टाका. साखर म्या दौंडवरनं आणतो."

ते वाक्य मास्तरांना फार लागलं. पण त्याहून लागली ती दबोरा. भांडी घासताना ती नेहमी काहीतरी गुणगुणायची, ते तिनं बंद केलं. आधीची दोन स्थळं मोडली तेव्हासुद्धा तिचं गुणगुणणं बंद पडलं नव्हतं. तारमास्तर तिला आवडला होता हे मास्तरांना तेव्हा कळलं, आणि तोटी आपण आपल्या हातानं सोडली हेही त्यांना रोज दुपारी अडीच वाजता आठवू लागलं.

हाताशी चार आठवडे होते आणि शाळेला सुट्टी लागली होती. नळ गार करायचा, एवढं एकच काम मास्तरांनी डोक्यात घेतलं.

पहिला उपाय त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं केला. दहा गोणपाटं फाडून नळाला गुंडाळली आणि ती ओली ठेवायची ठरवली. उपाय शास्त्रशुद्ध होता. फक्त गोणपाटं ओली ठेवायला दिवसाला चौदा बादल्या लागत आणि नळाला बादल्या यायच्या नऊ. उरलेल्या पाच दयाबाईंनी शेजारच्या विहिरीवरून आणाव्यात अशी मास्तरांची कल्पना होती. दयाबाईंची नव्हती. तिसऱ्या दिवशी गोणपाटं वाळून खडखडीत झाली.

शेजारी बापूसाहेब राहत होते. रिटायर तलाठी. सल्ला मागायला त्यांच्याकडे जावं लागत नसे, तो कुंपणावरून आपोआप यायचा. "मास्तर, रोग वेगळा आन् औषध वेगळं चाललंय तुमचं," ते म्हणाले. "लोखंड उघडं पडलं की तापतं. त्याला अंगरखा पायजे. डांबर फासा. सरकारनं समद्या पुलांना डांबर फासलंय, काय येडं हाय का सरकार?"

मास्तरांनी वर्गात काळा रंग उष्णता शोषून घेतो हे एकोणीस वर्षं शिकवलं होतं. पण पुस्तकातलं ज्ञान आणि कुंपणावरचं ज्ञान समोरासमोर आलं की मध्यमवर्गीय माणूस कुंपणावरच्याला मान देतो, कारण पुस्तक पुन्हा भेटलं तरी 'काय झालं?' असं विचारत नाही. मास्तरांनी नळ डांबरानं काळा कुळकुळीत केला. दुसऱ्या दिवशी दुपारी दयाबाईंनी नळाखाली अंडं ठेवलं. मास्तरांना वाटलं, चेष्टा चालली आहे. संध्याकाळी जेवताना ते अंडं सोलून ताटात आलं.

बापूसाहेबांनी कुंपणावरून चौकशी केली. "एकच हात मारलासा का? दोन मारायचं व्हतं."

मग आले भिमाजी. मांडवगण फराट्याचे बागायतदार, तालुक्याला आले की मास्तरांच्या ओट्यावर टेकल्याशिवाय जायचे नाहीत, कारण त्यांची तिन्ही मुलं मास्तरांच्या हातून पास झाली होती. पैकी एक कसं झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. भिमाजींनी नळाला लांबूनच बोट लावून बघितलं, बोट तोंडात घातलं आणि म्हणाले, "मास्तर, आमी उन्हात रोप जगवतो ते कसं? पाचट घालून. उसाचं पाचट हातभर जाड अंथरा, खाली हिवाळा ऱ्हातोय. उद्या गाडी धाडतो."

गाडीभर पाचट आलं. नळ दिसेनासा झाला. त्या दुपारी पाणी खरोखर जरा बरं आलं, आणि मास्तर दयाबाईंकडे बघून तीनदा खाकरले. पण कोरडं का होईना, पाचट हे म्हशीच्या दृष्टीनं पाचटच. चौथ्या दिवशी बापूसाहेबांच्या म्हशीनं कुंपण आडवं केलं आणि जेवायला सुरुवात केली. जेवता जेवता तिचं शिंग नळाखाली गेलं. म्हशीनं मान वर केली तशी नळानंही मान वर केली, आणि बरोबर मधोमध तो दुभंगला.

बापूसाहेब धावत आले आणि आधी म्हशीचं शिंग तपासलं.

आता हेन्रीला बोलावण्याला इलाज नव्हता. मास्तरांनी पत्र लिहिलं. त्यात त्यांनी 'दुरुस्ती' हा शब्द टाळून 'पुनर्रचना' असं लिहिलं होतं. हेन्री एस.टी.नं आला तो हातभर लांबीचा पाना, ताग आणि सफेद्याचा डबा घेऊन. त्यानं मोडलेले तुकडे काढले, आटे पाडले, पाणी झिरपू नये म्हणून ताग गुंडाळून सफेदा चोपडला आणि पाना असा पिळला की मास्तरांच्याच दाढा दुखल्या.

"दाजी, पंचवीस वरसं बॉयलरवर काढली," तो घाम पुसत म्हणाला. "दीडशे पौंडाचं प्रेशर. माझा सांधा कवा गळला न्हाई. तुमचा ह्यो नळ म्हंजी आमच्याकडं पोराटोरांचं काम. आता सहारा बुडंल, पर ह्यो सांधा गळायचा न्हाई."

हेन्री गेल्यावर मास्तरांनी मनाशी एक गोष्ट ठरवली. यापुढे कुणाचंही ऐकायचं नाही, भूगोलाचं ऐकायचं. वाळवंटातली माणसं काय करतात? मातीच्या जाड भिंती बांधतात आणि त्यांना पांढरा रंग देतात. नळ जमिनीत जात नसेल तर जमीन नळावर आणायची. भिमाजींनी दोन गाड्या नदीकाठची पोयट्याची माती पाठवली. मास्तरांनी आणि दबोरानं मिळून नळावर गुडघाभर उंचीचा आणि एकवीस हात लांबीचा बांध घातला, तो चोपून काढला, आणि वरून चुन्याचे दोन हात दिले. दोन, कारण बापूसाहेबांना बोलायला जागा ठेवायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तर अडीचला तोटीपाशी बसले. पाणी कोमट होतं. तिसऱ्या दिवशी ते बरं होतं. चौथ्या दिवशी मास्तरांनी ओंजळ भरली आणि तशीच धरून बसले. पाणी गार होतं. माठातल्यासारखं गार. त्यांनी घरात हाक मारली, दयाबाई आल्या, त्यांनी धार हातावर घेतली आणि पदरानं डोळे पुसले. त्या रात्री दबोरा भांडी घासताना गुणगुणली. मास्तर ओट्यावर अंधारात बसून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

इथं खरं तर सगळं सुखानं संपायला हरकत नव्हती. पण सहाव्या दिवशी बांधाच्या मधोमध चुना फुटला आणि त्यातून हरळी वर आली.

मे महिना. गावात हिरवं म्हणून काही उरलेलं नाही. निवडुंगानंसुद्धा माना टाकलेल्या. आणि मास्तरांच्या अंगणात पांढऱ्याशुभ्र लांबच लांब बांधावर, ना कुणी पाणी घालतं ना कुणी बघतं, लुसलुशीत हिरवा गवताचा तुरा. कस्तुराबाई रोज डोक्यावर दह्याचं मडकं घेऊन त्या रस्त्यानं जायच्या. त्या थबकल्या. मडकं उतरवून त्यांनी हात जोडले. योगायोग असा की त्यांची चार दिवस हरवलेली शेळी त्याच संध्याकाळी घरी आली. तीही हरळी खाऊनच आली असावी, पण हे कुणी ध्यानात घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर नारळ होता.

मास्तर चर्चच्या मंडळीचे पंच होते, रविवारी दानपेटी फिरवायचे. त्यांनी तो नारळ उचलून कस्तुराबाईंना परत नेऊन दिला. "बाई, हा नळ आहे," ते म्हणाले.

"आसू दे की," कस्तुराबाई म्हणाल्या. "आमी कुठं न्हाई म्हंतो? नाव कायबी आसंल."

बाजाराच्या दिवशी पाच नारळ आले, उदबत्त्या आल्या, एक हिरवी चादर आली. खाली पुरलेला इतक्या लांबीचा माणूस कोण असावा यावर रस्त्यावर वाद रंगू लागला. कुणी म्हणे जुना साधू आहे, कुणी म्हणे पीर आहे, आणि बापूसाहेब कुंपणावरून सांगत की आपल्या म्हशीला ते आधीच कळलं होतं, म्हणूनच तिनं तिथं शिंग लावलं. मास्तरांनी शेवटी पाटी रंगवली. अक्षर सुरेख होतं. 'येथे कोणीही पुरलेले नाही. हा पाण्याचा नळ आहे. — ये. उजागरे, सहायक शिक्षक.'

कस्तुराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी वाटसरूकडून पाटी वाचून घेतली, आणि पहिल्या वाक्यालाच त्याला थांबवलं. "कुनी पुरल्यालं न्हाई?" त्या म्हणाल्या. "म्हंजी आपल्या आपनच वर आलंय. तरीच." दुसऱ्या दिवशी अकरा नारळ आले.

हे कमी होतं म्हणून नळखात्याचं पत्र आलं. जोडणीचा नळ पूर्ण लांबीत तपासणीसाठी उघडा असावा असा नियम असून आपण त्यावर बांधकाम केल्याचे दिसते, तरी नकाशा तीन प्रतींत सादर करावा. नकाशा म्हटल्यावर मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. त्यांनी बांधाचा नकाशा काढला तो समोच्च रेषा, उत्तर दिशा आणि पर्जन्यमानासकट. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नकाशा मिळाला, त्यावरील टेकडी कोणाच्या मालकीची आहे, आणि तिच्यावरील हिरवळ पाहता आपल्या नळास गळती आहे काय, याचा खुलासा व्हावा, गळती आढळल्यास जोडणी तोडण्यात येईल. पाठोपाठ खात्याचे इन्स्पेक्टर हौसराव दोन गडी घेऊन बांध उकरायला आले. गड्यांनी हिरवी चादर बघितली, कुदळी खाली ठेवल्या, चपला काढल्या आणि हात जोडून उभे राहिले. हौसराव एकटेच परत गेले.

त्याच संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आले. सज्जन माणूस, आवाज कधी चढायचा नाही, म्हणून जास्त भीती वाटायची. "मास्तर," ते म्हणाले, "मंडळीत बोलणं चाललंय. पंचाच्या अंगणात उदबत्त्या. बाहेरच्यांना दोष नाही, त्यांची श्रद्धा. पण तुम्ही दानपेटी कशी फिरवणार? हा उंचवटा येत्या रविवारपर्यंत जाऊ दे."

येता रविवार हा मेचा चौथा रविवार होता.

शनिवारी सकाळी मास्तरांनी कुदळ घेतली. बांध गेला तर उद्या पाणी उकळतं येणार, सोयरीक मोडणार. बांध राहिला तर एकोणीस वर्षांची अब्रू जाणार. दबोरा दारात उभी होती. "काढा बाबा," ती म्हणाली. "तुमचं नाव जायला नको." तिनं हे इतक्या सरळपणे म्हटलं की मास्तरांना रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्यांनी घाईनं कुदळ मारली ती नेमकी हरळीत.

माती ओली होती. हातानं उकरलं तर आणखी ओली. तळाशी हेन्रीचा सांधा दिसला. सफेद्यातून थेंब फुगत होता, ओघळत होता, मातीत मुरत होता आणि पुन्हा फुगत होता. पंचवीस वर्षांत कधी न गळलेला सांधा पहिल्या दिवसापासून गळत होता. मास्तर उकिडवे बसून बघत राहिले. म्हणजे पोयटा नाही, चुना नाही, भूगोल तर नाहीच. सगळा बांध आतून पाझरत होता आणि माठासारखा नळाला गार ठेवत होता.

त्यांना आनंद झाला तो चार क्षण टिकला. सांधा गळतो असं सांगावं, तर मंडळीचं समाधान होईल, कारण गवताला कारण मिळालं. पण नळखातं जोडणी तोडणार. गळत नाही म्हणावं, तर नळ वाचेल. पण मग ते गवत कुणाचं, हे पाळकसाहेब विचारणार. शिवाय गळतो म्हटलं की हेन्रीचं नाक कापलं जाणार, आणि स्थळ त्याच्या शब्दावर आलेलं. मास्तरांनी माती पुन्हा लोटली आणि आत जाऊन पालथे पडले.

रविवारी चर्चमधून पाळकसाहेब मास्तरांबरोबर घरीच आले. अंगणात हौसराव फितीनं टेकडी मोजत होते. रविवारी मोजलेलं बरं, बाजार नसल्यानं नारळवाल्यांची गर्दी नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. तेवढ्यात दौंडची एस.टी. आली आणि एलिझाबेथबाई छत्री मिटत दारातून आत आल्या, मागे हेन्री. ऊन असं होतं की छत्रीलाही सावली हवी होती.

"पाणी," एलिझाबेथबाई म्हणाल्या आणि सरळ मोरीकडे वळल्या.

मास्तर पुढे झाले. त्यांनी तोटी सोडली आणि आधी स्वतःचा हात धारेखाली धरला. एक, दोन, तीन, दहापर्यंत आकडे मोजले. मग पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. एलिझाबेथबाईंनी तो एका दमात संपवला, दुसरा मागितला, तिसऱ्यानं तोंड धुतलं. हौसरावांनीही फीत खिशात घालून पेला पुढे केला. त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

"मास्तर," हौसराव दुसरा पेला पिऊन झाल्यावर म्हणाले, "पानी झकास हाय. पर ह्यो गवताचा खुलासा लागंल. सांधा गळतो का न्हाई?"

"तेच मलाही विचारायचं आहे," पाळकसाहेब म्हणाले.

मास्तरांनी दबोराकडे बघितलं, दयाबाईंकडे बघितलं. खोटं बोलायची त्यांची फार इच्छा होती. कोणतं बोलायचं एवढंच ठरत नव्हतं. शेवटी सवय आडवी आली. "गळतो," ते म्हणाले. "काल मी डोळ्यांनी बघितलं. पाणी गार आहे ते त्यामुळंच."

"कुणाचा?" हेन्री म्हणाला. "माझा? दाजी, तुमाला ऊन लागलंय. ओ सायेब, लिवून घ्या. म्या लोकोचा फिटर हाय. माझा सांधा गळत न्हाई."

"मग गवत कशानं आलं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

हेन्रीनं बांधाकडे बघितलं. हरळीकडे बघितलं. त्या तुऱ्याखाली काय चाललं असेल हे त्या अंगणात त्याच्याइतकं चांगलं कुणालाच कळत नव्हतं, आणि त्याच्या कपाळावरचा घाम नुसत्या उन्हाचा नव्हता. एकीकडे पंचवीस वर्षांचं नाव, दुसरीकडे लहानपणापासूनची रविवारची शाळा. त्यानं टोपी काढली, छातीशी धरली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काय सांगावं साहेब. असंल काय तरी चमत्कार."

दयाबाईंनी पदर तोंडाला लावला. हौसरावांनी मात्र वही काढली, त्यांना तज्ज्ञाचं मत मिळालं होतं. त्यांनी लिहिलं ते पुढे कचेरीत बरीच वर्षं होतं: 'रेल्वेच्या फिटरने समक्ष सांगितल्यावरून सदर नळास गळती नाही. हिरवळीचे कारण या खात्याच्या कक्षेबाहेरचे आहे.' तिसरा पेला पिऊन ते गेले. पाळकसाहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दानपेटी तुमच्याकडेच राहील म्हणून सांगितलं. मग हेन्रीकडे वळून ते म्हणाले, "तुझ्याशी मात्र मला बोलायचंय."

एलिझाबेथबाई पेला पुसत होत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "पाणी गार आहे, छान झालं. पण मी त्यावर ठरवलेलं नाही. मला देण्याआधी तुम्ही धार आपल्या हातावर घेतलीत, ते मी बघितलं. तारीख काढा." दबोरा आत पळाली ती थेट मागच्या दारानं बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं आली.

लग्न ठरलं, पण अंगण मोकळं होईना. एका ख्रिस्ती फिटरनं स्वतःच्या तोंडानं चमत्कार म्हटलाय, ही बातमी बापूसाहेबांनी कुंपणावरून पाटसपर्यंत पोचवली. आता बाहेरगावचे लोक बसमधून उतरून यायला लागले. दयाबाईंना स्वतःच्या नळाला रांग लावून जावं लागे. लग्नाचं पाणी भरायचं कसं, मांडव घालायचा कुठं, काही सुचेना. पाळकसाहेब हेन्रीशी दोनदा बोलले. हेन्री म्हणे, "साहेब, म्या खोटं बोललो न्हाई. 'असंल' म्हणलो."

शेवटी दबोरानंच त्याला गाठलं. "मामा," ती म्हणाली, "लग्नात मला तुमच्याकडून साडी नको, भांडं नको. एकदा खरं तेवढं सांगा."

हेन्रीनं टोपी उचलली. त्या दिवशी तो चहाही न घेता दौंडला गेला.

लग्न लागायच्या आधी तीन रविवार चर्चमध्ये त्याची जाहीर सूचना वाचतात, आणि कुणाला काही सांगायचं असेल तर त्यानं आताच सांगावं, असं विचारतात. कुणी कधी काही सांगत नाही. तिसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी सूचना वाचली, प्रश्न विचारला आणि पुढचं पान उलटणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून हेन्री उभा राहिला.

सगळं चर्च मागे वळलं. मास्तरांच्या हातातली दानपेटी खणखणली. दयाबाईंनी बाकाची कड पकडली. दबोरानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

हेन्रीनं टोपी छातीशी धरली होती. "लग्नाला माझी हरकत न्हाई," तो म्हणाला. "पोरगी सोनं हाय. पर..." त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. "माझा सांधा गळतो."

मग बायकांच्या बाजूनं, सूचनेसाठी मुद्दाम दौंडहून आलेल्या एलिझाबेथबाईंचा आवाज आला, वॉर्डात असतो तसा, शांत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बरं झालं सांगितलंस. बस खाली, हेन्री. आणि लग्न होईपर्यंत त्याला पाना लावू नकोस."